शर्यतीचा ड्रोन आणि आमचीं मुलें

मुलांनीं खेळावें कीं अभ्यास करावा, हा वाद प्रत्येक पिढींत नव्यानें निघतो; निमित्त मात्र पिढीगणिक बदलतें. आजोबांच्या काळीं तें विटीदांडू होतें, वडिलांच्या काळीं क्रिकेट होतें. आज वणीसारख्या गांवांतील घरांतहि एक नवेंच निमित्त उत्पन्न झालें आहे. आठवी-नववींतील मुलगा वडिलांपाशीं येतो आणि म्हणतो, "बाबा, मला शर्यतीचा ड्रोन तयार करावयाचा आहे, मोटरी आणि बॅटरी आणून द्या." बाबांस प्रथम खर्च दिसतो, मग परीक्षा दिसते, आणि शेवटीं कोणाच्या तरी डोक्यावर पडलेलें यंत्र दिसतें. हीं तिन्ही चित्रें डोळ्यांपुढून गेल्यावर त्यांच्या मुखांतून "नाहीं" एवढाच शब्द बाहेर पडतो. हा नकार सर्वस्वी अयोग्य असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या नकारामुळें मूल कशास मुकतें, याचा हिशोब सहसा कोणी मांडीत नाहीं. तो मांडणें हाच प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तयार ड्रोन विकत आणून लग्नाच्या मांडवावरून फिरविणें ही एक गोष्ट, आणि सुटे भाग जुळवून स्वतःचा ड्रोन उभा करणें ही दुसरी. पहिलींत मुलगा गिऱ्हाईक असतो, दुसरींत तो कारागीर होतो. आम्ही ज्याची तरफदारी करीत आहों तो हा दुसरा प्रकार होय. देशाचें धोरणहि योगायोगानें ह्याच दिशेचें आहे. फेब्रुवारी २०२२ मध्यें भारत सरकारनें संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांचा अपवाद ठेवून परदेशी ड्रोनांच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या भागांच्या आयातीस मात्र मोकळीक ठेवली. म्हणजे जो स्वतः जुळवील त्यास वाट खुली आहे.

ज्यांनीं हें यंत्र जवळून पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं त्याची रचना थोडक्यांत सांगतों. कार्बन फायबरच्या पातळ पण ताठ पट्ट्यांचा एक सांगाडा असतो. त्याच्या चार भुजांच्या टोकांस चार लहान मोटरी व त्यांवर चार पंखे बसवितात. मध्यभागीं दोन फलक असतात. एक मोटरींस लागेल तेवढीच वीज पुरवितो. दुसरा, ज्यास फ्लाइट कंट्रोलर म्हणतात, तो यंत्राचा तोल सांभाळतो. ह्या फलकावरील जायरोस्कोप यंत्राचा कल एका सेकंदांत हजारों वेळां मोजतो, आणि त्या मापाप्रमाणें चारहि मोटरींस कमी-अधिक फिरण्याची आज्ञा सुटते. पुढच्या अंगास एक बोटाच्या पेराएवढा कॅमेरा असतो. त्याचें चित्र बिनतारी लहरींवरून उडविणाराच्या डोळ्यांवरील गॉगलमध्यें उमटतें, आणि जमिनीवर स्टुलावर बसलेल्या मुलास आपण यंत्राच्या नाकावर बसूनच झाडांमधून जात आहों असें दिसतें. ह्यास 'फर्स्ट पर्सन व्ह्यू', संक्षेपानें एफपीव्ही, असें नांव आहे. मैदानांत कमानी व झेंडे रोवून त्यांमधून हीं यंत्रें शर्यतीनें नेतात. ह्यांपैकीं अगदीं लहान यंत्र ३० ग्रॅमांच्या आसपास भरतें व घराच्या पडवींतहि उडतें. पांच इंची पंख्यांचें मोठें यंत्र बॅटरीसह अर्ध्या किलोच्या वर जातें.

चार पंख्यांचें यंत्र ही कांहीं आजची कल्पना नव्हे. फ्रान्समध्यें १९०७ सालींच ब्रेगे बंधू व प्राध्यापक रिशे यांनीं तसें यंत्र बांधून जमिनीपासून थोडेंसें उचललें होतें. परंतु त्यास आपला तोल राखतां येईना. चार कोपऱ्यांवर चार माणसें उभीं करून तें सांवरून धरावें लागलें. त्या चार माणसांचें काम आज एक अंगठ्याच्या नखाहून लहान संवेदक करितो. शंभर वर्षांत विद्येनें केलेला हा प्रवास पुस्तकांत वाचून एक वेळ कळेल. पण आपल्या हातीं डाख देऊन तो संवेदक चालता करणाऱ्या मुलास तो जसा उमगेल, तसा नुसत्या वाचनानें उमगणार नाहीं.

ह्या खेळांत शिक्षण कोठें आहे, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येईल: हलकेपणांत. समजा, एका विद्यार्थ्याच्या यंत्राचें वजन २४० ग्रॅम आहे. हवेंत नुसतें तरंगत राहावयाचें तरी प्रत्येक मोटरनें ६० ग्रॅम उचललें पाहिजे. शर्यतींत वळावयाचें, चढावयाचें तर ह्याच्या कित्येक पट जोर हवा. आतां त्यानें हौसेनें मोठी बॅटरी बसविली व वजन २८० ग्रॅम झालें. वजन सहाव्या हिश्श्यानें वाढलें. परंतु तरंगण्यास लागणारी शक्ति सहाव्या नव्हे, सुमारें चौथ्या हिश्श्यानें वाढते, कारण शक्तीची वाढ वजनाच्या वाढीहून वेगानें होत असते. म्हणजे अधिक वेळ उडावें म्हणून आणलेल्या बॅटरीचा बराच भाग तिचा स्वतःचाच भार वाहण्यांत खर्ची पडतो. हें गणित ज्यानें एकदां केलें, तो पुढें प्रत्येक स्क्रू तोलून पाहतो, तार बोटभर जास्त झाली तर कापतो, आणि शोभेकरितां कांहींहि लावीत नाहीं. गरजेपुरतेंच घ्यावें, हा उपदेश आम्ही मुलांस नित्य करीत असतों; येथें तो तराजूच्या कांट्यानें सिद्ध होतो.

दुसरें उदाहरण पाहा. चार पंख्यांपैकीं दोन घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें व दोन उलट दिशेनें फिरतात. चारहि एकाच दिशेनें फिरले तर क्रियेस प्रतिक्रिया म्हणून सांगाडा उलट बाजूस गरगरत राहील. दोन-दोनांची जोडी केली म्हणजे प्रतिक्रिया एकमेकींस मारतात व यंत्र स्थिर राहतें. एका जोडीची गति किंचित् वाढविली कीं यंत्र आपल्या जागीं हवें तसें वळतें. न्यूटनचा तिसरा नियम घोकून उत्तरपत्रिकेंत लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतात. पण एखादा पंखा उलटा बसवून ज्यानें यंत्र जमिनीवरच उलथलेलें पाहिलें, तो नियम त्याच्या हाडींमासीं खिळला असें समजावें. मोटरच्या अंगावर एक अंक कोरलेला असतो. तो एका व्होल्टास मिनिटांत किती फेरे होतील हें सांगतो. मोटर ३,००० अंकाची व बॅटरी १४.८ व्होल्टांची असेल तर पंख्याविना ४४,४०० फेरे, हा गुणाकार सहावीच्या मुलासहि करतां येईल; फरक एवढाच कीं येथें उत्तर चुकलें तर मोटर जळते.

आणि मोडण्याविषयीं काय? यंत्र कोसळणार, भुजा तुटणार, डाख सुटणार. हें निश्चित आहे. कित्येक पालकांस हीच गोष्ट मोठी नुकसानीची वाटते. आमच्या मतें खरा लाभ येथेंच आहे. विकत आणलेलें खेळणें मोडलें कीं मूल रडतें व दुसरें मागतें. स्वतः जुळविलेलें मोडलें कीं तें खालीं बसून विचार करूं लागतें. कोणती तार तुटली? ती तुटली म्हणून यंत्र पडलें, कीं यंत्र पडलें म्हणून ती तुटली? कारण व परिणाम यांचा हा विवेक अंगीं बाणणें म्हणजे अर्धें शास्त्र येणें होय. ह्या छंदांत एक रीत आहे: बॅटरी प्रथमच जोडतांना मध्यें मोटारीच्या दिव्याचा एक बल्ब घालतात. धन व ऋण तारा कोठें चिकटल्या असल्या तर बल्ब लखकन् पेटतो आणि फलक जळण्यापासून वांचतो. आपल्या हातून चूक झाली असण्याचा संभव आहे, हें आधींच धरून चालणारी ही रीत आहे. नम्रतेचा असा धडा दुसऱ्या कोणत्या खेळांत मिळतो? मार्गदर्शिका पाठ करून गुण मिळवितां येतात, शेजाऱ्याच्या वहींतून उत्तर उतरून घेतां येतें. परंतु यंत्रापुढें कोणतीच सबब चालत नाहीं. जोडणी बरोबर असेल तरच तें उडतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. आमच्या तालुक्यांत पुष्कळ घरें अशीं आहेत कीं कापसाच्या एका हंगामावर त्यांस वर्ष काढावें लागतें. अशा घरांतील मुलानें मोटरींचा हट्ट धरणें शोभणार नाहीं, आणि श्रीमंताच्या मुलानेंच हा छंद करावा हेंहि आम्हांस मान्य नाहीं. ह्यास उपाय एकच: हें साहित्य घराचें नसावें, शाळेचें असावें. क्रिकेटची बॅट जशी प्रत्येकाच्या घरीं नसते, पण संघाची एक असते, तसा आठ विद्यार्थ्यांत मिळून एक संच, एक डाख देण्याचें साधन, एक मापक व एक काटा असला तरी पुरे. उडविण्याचा सराव प्रथम संगणकावरील सिम्युलेटरवर करावा. तेथें कोसळण्यास पैसा पडत नाहीं. ज्याचा हात तेथें बसला नाहीं त्याच्या हातीं खरें यंत्र देऊंच नये. फ्लाइट कंट्रोलर चालविणारी 'बेटाफ्लाइट' नांवाची संगणक-प्रणाली तर मोफतच मिळते. जगांतील अनेक हौशी लोकांनीं ती लिहून सर्वांसाठीं खुली ठेविली आहे. विद्या दिल्यानें वाढते हें वचन ह्या लोकांनीं आचरणांत आणून दाखविलें. त्यांच्या ह्या दानाचा लाभ घेणाऱ्या मुलांस आपणहि पुढें कांहीं तरी परत दिलें पाहिजे, ही जाणीव शिक्षकांनीं करून द्यावी.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो उडवून लावण्याजोगा नाहीं. हीं यंत्रें लिथियम पॉलिमर बॅटरीवर चालतात. तिच्या एका घटाचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट असतो व पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. त्यापलीकडे भरली, टोंचली गेली किंवा फुगलेली तशीच वापरली तर ती पेट घेते. म्हणून कोणी जवळ नसतांना किंवा रात्रीं निजतांना ती भरण्यास लावूं नये. आणि वणीच्या उन्हाळ्यांत, जेथें पारा ४५ अंशांकडे धांवतो, ती उन्हांत किंवा बंद गाडींत ठेवूं नये. पंखे बोट चिरतात. म्हणून टेबलावर चांचणी करितांना चारहि पंखे काढून ठेवावे. हे नियम पाळण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यास हा छंद करूं देऊं नये. आणि ज्याची आहे, त्यास तो करूं दिल्यानें जबाबदारीचें जें वळण लागेल तें शंभर व्याख्यानांनीं लागणार नाहीं.

कायद्याचीहि ओळख ह्याच निमित्तानें होते. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमांपर्यंतचीं यंत्रें 'नॅनो' ह्या सर्वांत लहान वर्गांत घातलीं आहेत, आणि त्यांच्या चालकास परवान्याचें बंधन ठेविलेलें नाहीं. हलकेपणाचें हें आणखी एक फळ होय. त्याच नियमांत शिक्षण व करमणूक यांकरितां असलेलें नमुनायंत्र दृष्टीच्या टप्प्यांत उडवावें, अशी अट आहे. ज्याच्या डोळ्यांवर गॉगल आहे त्यास आसपासचें दिसत नाहीं. म्हणून त्याच्या शेजारीं एक जाणता सोबती उघड्या डोळ्यांनीं यंत्रावर नजर ठेवून उभा असलाच पाहिजे. कोणत्या आकाशांत उडण्यास मोकळीक आहे, याचा सरकारी नकाशा आणि नोंदणीचे त्या वेळीं लागू असलेले नियम पाहिल्यावांचून यंत्र बाहेर काढूं नये. गर्दीवर, रस्त्यावर, वणीभोंवतींच्या कोळशाच्या खाणींवर तें कदापि नेऊं नये. आणि कायद्याहून मोठा असा एक नियम आहे: ज्या अंगणांत आपण पायीं विचारल्यावांचून जाणार नाहीं, तेथें आपला कॅमेराहि पाठवूं नये. शेजाऱ्याची लाज राखणें हा सभ्यतेचा पहिला पाठ आहे. यंत्र नवें आलें म्हणून तो जुना होत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: "ह्याचा उपयोग काय?" कोणी उत्तर देईल, बक्षिसें मिळतात. मार्च २०१६ मध्यें दुबई येथें झालेल्या जागतिक शर्यतींत ल्यूक बॅनिस्टर ह्या पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलानें पहिला क्रमांक मिळविला व त्याबद्दल त्यास अडीच लक्ष डॉलरांचें पारितोषिक लाभलें. परंतु बक्षिसाच्या आशेनें कोणी ह्यांत पडूं नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों. शर्यत जिंकणें एवढेंच ध्येय असेल तर त्यांत आतां मनुष्याचाच वरचष्मा राहील अशी खात्री उरलेली नाहीं. झुरिच विद्यापीठांतील संशोधकांच्या 'स्विफ्ट' नांवाच्या स्वयंचलित ड्रोननें तीन मानवी विजेत्यांबरोबर झालेल्या २५ शर्यतींपैकीं १५ जिंकल्या. तो वृत्तान्त २०२३ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. जिंकणारें यंत्र पुष्कळांस दिसलें. तें घडविणारे हात व मेंदू थोड्यांस दिसले. आमच्या मुलांनीं त्या हातांकडे पाहावें.

असे हात महाराष्ट्रांतहि आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतून बाहेर पडलेल्या तरुणांनीं २००७ सालीं 'आयडियाफोर्ज' ही संस्था उभारली. '३ इडियट्स' ह्या २००९ च्या चित्रपटांत वसतिगृहाच्या खिडकीबाहेर तरंगणारें चार पंख्यांचें जें यंत्र दिसतें, तें त्यांनींच पुरविलेलें होतें. पुढें ह्याच मंडळींचे ड्रोन देशाच्या सुरक्षादलांच्या कामीं येऊं लागले. विद्यार्थिदशेंतील नाद आणि देशाची गरज यांमधलें अंतर किती थोडें असतें, हें ह्यावरून दिसून येईल.

पण उपयोगाचें उदाहरण शोधण्यास आम्हांस मुंबईपर्यंत तरी कशास जावें लागावें? २०१७ सालचा हंगाम आमच्या जिल्ह्यानें विसरूं नये. त्या वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडों रुग्णालयांत पडले. डोक्याएवढ्या उंच कपाशींत पाठीवर पंप घेऊन शिरलेल्या माणसाच्या श्वासांत तें विष गेलें. फवारणीचा ड्रोन हा ह्यावरील सर्व रोगांचें औषध नव्हे. वाऱ्यानें विष शेजारच्या शेतांत उडूं शकतें, आणि कोणतें औषध किती घालावें हें शहाणपण यंत्र शिकवीत नाहीं. तरी एवढें खरें कीं जेथें यंत्र फवारतें तेथें मनुष्यास त्या विषाच्या धुक्यांत उभें राहावें लागत नाहीं. केंद्र सरकारनें २०२३ च्या अखेरीस १५,००० महिला स्वयंसहाय्य गटांस असे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली आहे. ड्रोन येतील, परंतु मोटर जळल्यावर, भुजा मोडल्यावर, ऐन फवारणीच्या आठवड्यांत तो दुरुस्त कोण करील? दुरुस्तीसाठीं यंत्र दूरच्या शहरीं पाठवावें लागलें तर तें परत येईतों बोंडअळीनें आपलें काम उरकलेलें असेल, आणि शेतकरी पुन्हां पाठीवर पंप घेईल. फवारणीचा मोठा ड्रोन व शर्यतीचा लहान ड्रोन यांच्या आकारांत व सामर्थ्यांत पुष्कळ अंतर असलें तरी मोटर, पंखा, फलक, बॅटरी हीं अंगें त्याच जातीचीं आहेत. लहानावर ज्याचा हात बसला आहे, त्यास मोठ्याचें भय वाटत नाहीं.

आम्हां वैदर्भीयांस ही गोष्ट नव्यानें सांगण्याची गरज नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरें लांकडाचे नंदी सजवून ओढीत आणतात, मोठीं माणसें कौतुकानें पाहतात, हातावर खाऊ ठेवतात. लांकडाच्या बैलानें कोणतें शेत नांगरलें, असें त्या दिवशीं कोणी विचारीत नाहीं. कारण आज जें मूल लांकडी नंदीची दोरी धरतें, तेंच उद्यां खऱ्या बैलाची कासरा हातीं घेणार, आणि त्या वेळीं जनावराविषयींची माया त्याच्या मनांत आधींच रुजलेली असणार, हें आमच्या पूर्वजांनीं जाणलें होतें. अडीचशें ग्रॅमांचा ड्रोन हा ह्या युगाचा लांकडी नंदी आहे, असें आम्हांस वाटतें.

ह्याच ओघांत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर उल्लेखिलेली योजना महिलांसाठीं आहे. परंतु घरांत तार जोडण्याची वेळ आली कीं आपण मुलास हांक मारतों व मुलीस दिवा धरून उभी करतों. उद्यां ज्या हातीं फवारणीचा ड्रोन येणार, त्या हातीं आज डाख देण्याचें साधन येऊं नये काय? शाळेंत असा संच झाला तर त्याच्या टेबलापाशीं मुलींची जागा पहिल्या दिवसापासून असावी. मागाहून दया म्हणून दिलेली नसावी.

पालकांस आमची विनंति एवढीच आहे. मुलानें ड्रोन मागितला तर लगेच "नाहीं" म्हणूं नये आणि लगेच "हो" हि म्हणूं नये. त्यास एक वही द्यावी व सांगावें: प्रत्येक भागाचें नांव, वजन, काम आणि किंमत हींत लिही, कोणता भाग काढला तर चालेल, तेंहि लिही, मग आपण बोलूं. ज्याचा नुसता हट्ट असेल त्याची वही दोन दिवसांत कोरी पडेल, आणि ज्याची जिज्ञासा खरी असेल त्याची वही भरेल. अशी भरलेली वही घेऊन आपलें मूल पुढें उभें राहिलें, तर तिच्याकडे पाठ फिरवूं नये. धन्यानें सोंपविलेलें धन भयानें जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. मुलांची बुद्धि हें आपणांस सोंपविलेलें असेंच धन आहे, आणि तें मातीखालीं सुरक्षित राहतें ही समजूत त्या चाकराचीच होती. ज्या जिल्ह्याच्या शेतांत अजून माणसें पाठीवर विष वाहतात, त्या जिल्ह्यास तरी हें धन पुरून ठेवणें परवडणारें नाहीं.